हात न लागलेला सिनेमा

बाहुल्याच्या डाव्या खांद्यावर धुळीचा एक कण होता. पहिल्या चित्रात होता, पुढच्यात होता, आणि बाहुला अख्खा रस्ता ओलांडून न्हाव्याच्या दुकानात शिरला तरी तिथेच होता. तिने चष्मा पुसला आणि सिनेमा पुन्हा मागे नेला.

ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. उरलेल्या वेळात, प्लास्टिकच्या खेळण्यातल्या विटा आणि बाहुले घेऊन हौशी लोक जे छोटे सिनेमे करतात, त्यांची परीक्षणं लिहायची. बाहुला केसभर सरकवायचा, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचा; असे ढीगभर फोटो भराभर दाखवले की बाहुला चालू लागतो. पुढच्या सिनेमासाठी ही मंडळी इंटरनेटवर लोकवर्गणी मागत, आणि ती त्या आवाहनांचाही समाचार घेई. ‘सिनेमा चिमूटभर, आवाहन पोतंभर,’ असं तिने एकदा लिहिलं, तेव्हापासून वाचक तिला ‘भिंगवाली’ म्हणू लागले. तिने नावाजलेल्या सिनेमाची वर्गणी मात्र हां हां म्हणता भरायची.

ती शोधायची तो हात. करणारा कितीही जपो, त्याचा हात कुठेतरी दिसतोच. चकचकीत टोपीवर बोटाचा ठसा उमटतो, अंगात तांबडा शर्ट असेल तर विटांवर तांबूस झाक येते, आणि बाहुल्याला बोट लागलं की धूळ हलते. हलतेच.

हा सिनेमा तिच्या धाकट्या भावाचा होता.

तो पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा. एका आजारपणानंतर हातांना कंप सुटला, आणि आता पाण्याचा पेलाही त्याला दोन्ही हातांनी धरावा लागे. दुकान बंद झालं, तसं त्याचं बोलणंही. या सिनेमाने त्याला माणसांत आणलं होतं. त्याच्या आवाहनाची मुदत आज संपत होती. परीक्षण लिहिणार की नाही, हे सांगणं ती किती दिवस टाळत आली होती. ‘बघते’, ‘डोकं दुखतंय’, ‘पेपर तपासायचेत’. आज दुपारी ती त्याच्या घरी गेली.

मागच्या खोलीत टेबलावर विटांचा रस्ता मांडला होता. दोन्ही बाजूंना दुकानं, दारांत बाहुले. वर दिवा, समोर कॅमेरा. भावाची खुर्ची मात्र भिंतीकडे तोंड करून होती.

“आलीस? मला वाटलं, भिंगवाली बाई आता घरच्यांनाही तारखा देणार.”

“बाहुले कोण हलवतं?”

“पाणी तरी पी.”

“अरे, तुला सुईत दोरा ओवता येत नाही. कोण येतं इथे?”

“कुणी नाही.” तो भिंतीकडे तोंड करून बसला. कॅमेऱ्याचं वायरचं बटण त्याच्या मुठीत होतं. “मी फक्त हे दाबतो. बघत बसलं की हलत नाहीत ते. लाजतात म्हण.”

ती हसली. मग म्हणाली, “करून दाखव.”

तिनेही पाठ फिरवली. बटण वाजलं. ती वळली तेव्हा न्हाव्याने हात वर केला होता. तिने टेबलाखाली वाकून पाहिलं. चुंबक नव्हतं, दोरा नव्हता, नुसती फळी होती. न्हाव्याच्या टोपीवर धुळीचा थर तसाच, सलग.

तिने पुन्हा पाठ फिरवली. या वेळी वळली, तर लांबचे बाहुले टेबलाच्या अलीकडच्या कडेला येऊन उभे होते.

“बटण वाजलं नाही,” ती म्हणाली.

“हल्ली वाट बघत नाहीत.”

आवाहनात त्याने लिहिलं होतं: प्रत्येक वर्गणीदाराला सिनेमातला एक बाहुला घरपोच.

“आणि हे तू लोकांच्या घरी पाठवणार?”

“ती अट माझी नाही, ताई.”

ती टेबलाकडे पाठ करून त्याच्या खुर्चीशी आली आणि थबकली. त्याचे हात मांडीवर होते. स्थिर.

“या खोलीत थांबतात हात,” तो हळू म्हणाला. “सगळे आपापल्या घरी पोचले, की कायमचे थांबतील. तसं ठरलंय.”

“आणि नाही पोचले तर?”

“तू लिही ना, ताई. चार ओळी.”

नकार तिच्या ओठांवर आला होता. ती त्याच्या हातांकडे बघत राहिली, तो तिच्या तोंडाकडे. टेबलाकडे कुणीच बघत नव्हतं. हे तिच्या ध्यानात आलं, तेव्हा मागे ‘टिक’ असा आवाज झाला.

मग आणखी एक. तो फरशीवरचा होता.

ती गर्रकन वळली. रस्ता रिकामा होता. सगळ्या दुकानांची दारं उघडी.

टिक. आता तिच्या पाठीमागून, भावाच्या बाजूने.

ती पुन्हा वळली. आवाज पुन्हा मागे गेला. माणसाला डोळे दोनच, आणि दोन्ही पुढे.

“ताई,” भाऊ कुजबुजला. तो तिच्या पायांकडे बघत नव्हता. मुद्दाम बघत नव्हता.

तिच्या टाचेला काहीतरी टणक, गार टेकलं. मग दुसऱ्या टाचेला. मग घोट्याभोवती, एकेक करून, शिस्तीत.

ती हलली नाही.

“लिहिते,” ती म्हणाली. आणि मग, खाली सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात, “चांगलं लिहिते. पोचाल तुम्ही सगळे.”