वृंदा मॅडमचा न सुटणारा बाण

अमरावतीच्या त्या पुनर्वसन केंद्रात दर रविवारी सकाळी दहा वाजता राक्षस यायचे. त्यांना आणायचा सूत्रधार, म्हणजे जेवणाच्या डब्याएवढं एक बोलकं यंत्र. टेबलाभोवती चार-पाच रुग्ण बसत, प्रत्येकजण स्वतः घडवलेलं एकेक पात्र खेळे, आणि सूत्रधार गोष्ट पुढे नेई. प्रत्येकाच्या हातावर स्नायूपट्टा असे. मेंदूकडून स्नायूला येणारा पुसटसा निरोपही तो टिपायचा. पट्टा स्वतः हात हलवत नसे, फक्त ऐकत असे. पात्राने काही करायचं, तर खेळणाऱ्याच्या हातानेही तसा प्रयत्न करायचा, एवढाच नियम होता.

वृंदा खानझोडे यांनी तीस वर्षं धनुर्विद्या शिकवली होती. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांच्या उजव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. ओढायला बोटं तयार, सोडायला नाहीत. दोन महिन्यांनी उपचार संपणार होते आणि ही मूठ अशीच घरी न्यावी लागणार, या विचाराने त्या मनातून पार खचल्या होत्या.

पात्र घडवायला सूत्रधार वीस गुण देई. वृंदाताईंनी वीसच्या वीस नेमबाजीत घातले, जादूला शून्य. मंत्रानेच बाण लागायचा, तर पोरींना चार-चार तास उन्हात उभं कशाला केलं, असं त्यांचं म्हणणं. परिणाम व्हायचा तोच झाला. तीन महिने त्यांची धनुर्धारी प्रत्यंचा ओढून नुसती उभी राहत होती. शेजारचे गावंडेकाका, निवृत्त पोस्टमास्तर, जादूगार होऊन दर रविवारी तिचा जीव वाचवत आणि पुढचा आठवडाभर ते ऐकवत.

त्या रविवारी रेणुका डहाके पडद्यावरचा आलेख पाहत होती. ती केंद्रातली फिजिओथेरपिस्ट, आणि एकेकाळची वृंदाताईंची विद्यार्थिनी. ओढण्याचा निरोप ठणठणीत येत होता. सोडण्याचा येतच नव्हता. तिने मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मान किंचित कलती, श्वास धरलेला, कान टवकारलेले. हा चेहरा तिने मैदानावर हजारदा पाहिला होता.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही क्लिकरची वाट पाहून राहिल्या ना?"

क्लिकर म्हणजे धनुष्यावरची पातळ धातूची पट्टी. बाण पुरता ओढला गेला की ती निसटते आणि टक् वाजते. टक् झाल्यावरच बाण सोडायचा. बारा वर्षांच्या रेणुकाने आधीच सोडला, म्हणून मॅडमनी तिला आख्खी संध्याकाळ रिकामं धनुष्य ओढायला लावलं होतं. ज्या हातात ही शिस्त तीस वर्षं मुरली, तो आजारातही ती पाळत होता, आणि खुद्द मॅडमनाच त्याचा पत्ता नव्हता.

रेणुकाने सुचवलं, की नेमबाजीतले थोडे गुण काढून जादूत घालू. मॅडमनी साफ नकार दिला. मग त्यांनी आपली मिटलेली मूठ उलटसुलट करून पाहिली.

"बाणात जादू नको," अखेर त्या म्हणाल्या. "आवाजात चालंल."

सूत्रधाराने नऊ गुण हलवले आणि मंत्र नोंदवला: प्रत्यंचा पुरती ओढली की धनुष्य स्वतः बोलेल. मग त्याने राक्षसाला दारात आणलं. वृंदाताईंनी ओढलं. पट्ट्याने ते टिपलं.

टक्.

मूठ सुटली. आधी तीन बोटं, मग करंगळी, मग कुरकुरत अंगठा. राक्षस मेला की नाही, कोणी विचारलंसुद्धा नाही. गावंडेकाका डोळे पुसत होते.

वृंदाताईंनी तो उघडा हात रेणुकाच्या डोक्यावर ठेवला. "मी दिलेलं तू माझ्यासाठी सांभाळून ठेवलंस, बाई," त्या म्हणाल्या. मग काकांकडे वळून, इतके रविवार वाचवल्याबद्दल त्यांनी आभार मानले. शेवटी त्या डब्याएवढ्या यंत्रालाही दोन्ही तळवे जोडून नमस्कार केला. झटक्यानंतर त्यांचे हात पहिल्यांदाच जुळत होते.

सूत्रधाराला नमस्कार कळत नव्हता. त्याने नियमाप्रमाणे विचारलं, "पात्राची पायरी वाढली आहे. गुणांत बदल करायचा आहे का?"

वृंदाताई आपल्या बोटांकडे पाहत राहिल्या. घरात चमचा सोडताना, कुणाचा हात सोडताना टक् कोण वाजवणार होतं?

"आवाजातला एक गुण काढ," त्या म्हणाल्या. "थोडा हळू वाजू दे. दर रविवारी एकेक काढत गेलं, तर माझ्या हाताला तो आतूनच ऐकू येईल का रे?"