ढकलायला माणूस

जुन्या गाड्यांच्या दुकानात दादा शिरला तोच नाक मुरडून. धाकटी बहीण नर्स होती. उताराखालच्या रुग्णालयात ती रोज एकटीच जाणार, म्हणून तिच्यासाठी भरवशाची गाडी दादानं निवडायची, असं घरात ठरलं होतं. दादा भौतिकशास्त्र शिकवायचा आणि वर्गाबाहेरच्या जगालाही नापास करायचा.

दोन गाड्या समोर होत्या. अलीकडची पांढरी पुढच्या चाकांच्या जोरावर चालणारी. तिच्या दुप्पट वयाची करडी मागच्या.

"नवी ओढते, जुनी ढकलते," विक्रेता म्हणाला. "चढाला जुनीच बरी."

"हे डबडं?" दादा हसला. "हिला ढकलायला माणूस ठेवावा लागेल!"

"दादा, हळू. ऐकेल ती," धाकटी म्हणाली.

"कोण, गाडी? धन्य आहे तुझी."

तरी तिचे दोष दाखवायला तो धाकटीला शेजारी बसवून करडी चालवून बघायला निघाला. फाटकाबाहेर एका बाजूला लगेच चढ होता, दुसऱ्या बाजूला रुग्णालयाकडचा उतार. दादानं ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन नुसतंच किंचाळलं. वेग तसूभरही वाढला नाही. पाय काढला, तरी कमीही झाला नाही. गाडी एकाच संथ चालीनं, मध्येच दम घेतल्यासारखी अडखळत, माथ्यापर्यंत गेली.

"क्लच घसरतोय," दादानं निकाल दिला. परत येऊन त्यानं गाडी थेट दुकानामागच्या वर्कशॉपच्या लिफ्टवर घातली. "खालून दाखवा. बघू, अजून काय काय लपवलंय."

जेवून आलेला मिस्त्री दारातच थबकला. "ही इथे कशी आली?"

"चालवत आणली."

"चेष्टा करता का राव? हिचा शाफ्ट मी सकाळीच काढलाय."

इंजिनची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा तो लांब दांडा बाकावर पडला होता. मिस्त्रीनं गाडी वर उचलली. तिच्या पोटाखाली दांड्याची जागा रिकामी होती.



"उताराच्या जोरावर आलो असू," दादा म्हणाला.

"पण आधी वर गेलो होतो ना?"

दादानं धाकटीकडे असं पाहिलं, जणू सूत्र तिनंच चुकवलं होतं.

गाडी खाली उतरवली तेव्हा मागच्या काचेवरच्या धुळीत दोन तळवे दिसले. खांद्याएवढ्या अंतरावर, बोटं वर. मिस्त्रीनं शेजारी आपला पंजा धरून पाहिला. त्यांच्यापुढे तो लहान मुलाचा वाटला.

"गलिच्छ माणसं," म्हणत दादानं रुमालानं ते पुसून टाकले.

अर्थातच पांढरी घेतली. दादानं स्वतः तिची मागची काच लख्ख केली आणि किल्ली धाकटीच्या हातात ठेवली.

"जा बिनधास्त. हिला ढकलायला कुणी लागणार नाही."

"अजून तेच?" ती हसली आणि रुग्णालयाच्या दिशेनं उताराला लागली.

दादा फाटकात उभा राहिला. काच चकाकत होती.

मग तिच्यावर धुळीचे दोन ठसे उमटले. खांद्याएवढ्या अंतरावर.

वळण आलं.

गाडीचे मागचे, ब्रेकचे लाल दिवे लागले. लागलेलेच राहिले.

वेग तसूभरही कमी झाला नाही.