बिनबिघाडाची लिफ्ट

खरात मॅडमच्या वर्गात पूर्वी लिफ्टपेक्षा जांभयाच जास्त वर-खाली होत. मग बोधचष्मे आले आणि लिफ्ट मेकॅनिकचा कोर्स करणारी सगळी पोरं साडेआठच्या आधी दारात उभी राहू लागली. चष्मा घालून यंत्राकडे पाहिलं की सैल नट लाल दिसे. आवळला की हिरवा होई, कानात घंटी वाजे आणि भिंतीवरच्या पडद्यावर नाव एक पायरी वर चढे. पोरं डबा खायचंही विसरत. मॅडमना बरं वाटे, आणि जरा धाकधूकही. त्यांच्या वीस वर्षांच्या बडबडीला अशी गोडी कधी आली नव्हती.

सरावाच्या लिफ्टमध्ये रोज त्या स्वतः बिघाड पेरून ठेवत. त्या मंगळवारी मात्र त्यांनी काहीच पेरलं नाही. उलट प्रत्येक नट आवळला आणि त्यावरून बारीक पिवळी रेघ ओढली. नट हलला तर रेघ तुटणार. चांगल्या यंत्रापुढे "ठीक आहे" म्हणायची हिंमत कोणाला होते, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

पाच जण एकेक करून वर गेले. पाचही जण गुण घेऊन उतरले.

सोनल वाघमोडेला तर तीन बिघाड सापडले. मॅडमनी वर जाऊन पाहिलं. नट घट्ट होते, पण रेघा तुटलेल्या.

सोनल खोटं बोलली नाही. लाल काहीच दिसेना म्हणून थोडं सैल केलं आणि मग आवळलं, म्हणाली. सगळेच करतात. मॅडमना एवढं साधं कसं कळत नाही, याचंच तिला नवल वाटत होतं.

"अगं, पण लिफ्ट चांगली होती."

"म्हणून तर, मॅडम. चांगल्या लिफ्टचे गुण कोण देतं?"

मॅडमना हसू आलं आणि तिथेच विरलं. वर्गातली पोरं महिनाभर गावातल्या नव्या इस्पितळात सरावाला जात होती. खाटा नेणाऱ्या लिफ्टमध्ये सत्तावीस बिघाड शोधले म्हणून सोनलचा तिथे नारळ देऊन सत्कार झाला होता.

"तिथे सैल केलेले सगळे परत आवळलेस ना?"

"चष्मा मोजतो ना."

"आवळलेले मोजतो. सैल केलेले?"

सोनल बोटांवर मोजू लागली. मध्येच थांबली. "वेळ संपली की चष्मा बंद होतो, मॅडम. मग खाली बोलवतात."

मॅडमनी इस्पितळात फोन लावला. रखवालदाराला लिफ्ट बंद करायला सांगितलं. कुठली, त्यानं विचारलं. पोरं तर चारही लिफ्टवर काम करून गेली होती. चारही, मॅडम म्हणाल्या.

"तीन करतो. चौथी आत्ताच बाळंतिणीला घेऊन वर निघालीय. मध्येच थांबवली तर सगळा भार ब्रेकवर येणार म्हणतात, आणि ब्रेकवरही पोरंच काम करून गेलीत. थांबवू, की पोहोचू देऊ?"