नॉबवरचा ओरखडा

दादाला घराबाहेर काढायचं तर गाडीच हवी, आणि तीही अशी, की तिला नाकारायची त्याची छाती होणार नाही. म्हणून मी माझी गुणी ऑटोमॅटिक विकून ही वापरलेली, लाल, ठेंगणी गाडी घेतली. दिसायला भाजी आणायला निघाल्यासारखी, इंजिन मात्र शर्यतीचं. दादा गॅरेजमध्ये इंजिनं ट्यून करायचा तेव्हा हिच्याबद्दल बोलायला लागला की ताटातलं गार व्हायचं.

मग तो बाइकवरून पडला. खांद्यातल्या नसा तुटल्या आणि डावा हात खांद्यापासून झोपला. डॉक्टरांनी नसा जोडल्या. पुढचं काम फिजिओथेरपीच्या बाई बघतात. दर भेटीत त्या हातावर टाचणी टोचतात. "कुठेतरी काहीतरी जाणवू दे," त्या म्हणतात, "मग आपल्याला पुढे जाता येईल." वर्ष होत आलं, काही जाणवलं नाही. दादा आता टाचणीकडे बघतही नाही. दिवसभर खोलीचं दार लावून बसतो.

ज्यांची गाडी होती त्या आजोबांनी किल्ली लगेच हातात दिली नाही. "माझा डावा खांदा आखडलेला," ते म्हणाले. "गिअर टाकताना जीव जायचा. मग आमची ही शेजारी बसून गिअर टाकायला लागली. माझे पाय, तिचा हात. मी क्लच दाबला की हिचा गिअर पडलेला. सांगावं लागायचं नाही."

"आणि आता?"

"हिवाळ्यात गेली." गिअरच्या धातूच्या नॉबवर एक बारीक ओरखडा होता, तो त्यांनी अंगठ्याने चोळला. "हा तिच्या अंगठीचा. तेवढा घासून काढू नका."

नाही काढणार म्हटलं. घासायला वेळ कुणाला आहे?

ही गाडी रोज चालवायची म्हणजे घरात पैलवान पोसण्यासारखं आहे. क्लच इतका जड की पहिल्या आठवड्यात मी डावा पाय ओढत चालत होते. सस्पेन्शन इतकं कडक की रस्त्यात पडलेल्या नाण्यावरून गेलात तर छापा की काटा ते कळावं. पेट्रोलचं तर नावच काढू नका. पण कारखान्याच्या चढावर दुसऱ्यात टाकून पाय दाबला की कितीही वाईट दिवस असो, मला हसू फुटतं.

मी ब्रेडच्या कारखान्यात पीठ तपासते. ओलावा, तापमान, ताण. कणकेत काही पडू नये म्हणून तिथे अंगठी-बांगडी चालत नाही, त्यामुळे माझी बोटं कायम मोकळी. आणि मोजता येत नाही त्यावर विश्वास ठेवायची मला सवय नाही. म्हणून गिअर बदलताना 'टिक' असा आवाज यायला लागला तेव्हा मी रीतसर शोध घेतला. कप्प्यातली नाणी काढली, बेल्टचं बक्कल बांधून ठेवलं, किल्लीची साखळीसुद्धा बदलली. टिक चालूच. दादाच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी गाडी एकट्याने फिरवून आणली.

"गाडी ठणठणीत आहे, ताई. कान दाखवून घ्या."

एका सकाळी सिग्नलजवळ वेग कमी करताना मी क्लच दाबला. डाव्या हातात पाण्याची बाटली होती. ती खाली ठेवून नॉबकडे हात नेला, तर गिअर तिसऱ्यातून दुसऱ्यात आलेला होता. सवयीनं आपणच टाकला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. बाटली मात्र भरलेली होती, तिचं झाकण उघडं होतं आणि थेंबही सांडला नव्हता.

दादा शेवटी आला तो कुतूहलापोटी. शेजारी बसला, इंजिन ऐकलं आणि म्हणाला, "ए पीठवाले, काय छळतेस गं हिला! दुसरा टाक दुसरा!"

"तूच टाक. उजवा हात आहे ना? क्लच माझा, गिअर तुझा."

त्याने टाकला. लोण्यात सुरी जावी तसा. त्या दिवसापासून तो रोज सकाळी दाढी करून दारात उभा राहायला लागला. मी त्याला गॅरेजवर सोडायची, येताना घ्यायची. नुसता खुर्चीवर बसून तो इतरांच्या चुका काढायचा, पण बसायचा. आजोबांची गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. दोघांत मिळून एक ड्रायव्हर हे त्याला टोचेल असं वाटलं.

चार दिवसांनी तो म्हणाला, "ही टिक गाडीची नाही."

"मग?"

"धातूवर धातू वाजतोय. मी हात उचलला की लगेच. माझ्यानंतर कुणी हात ठेवावा तसं." बराच वेळ तो नॉबकडे बघत राहिला. मी रेडिओ लावला.

रविवारी दुपारी बंद गोदामामागच्या मोकळ्या आवारात त्याने हट्टच धरला. "एकदा मला चालवू दे."

मी शेजारी बसले. त्याने उजव्या हाताने आपला डावा हात उचलला आणि नॉबवर ठेवला. "हा पण बसू दे इथे. शोभेला."

त्याच्या त्या गार हातावर माझा हात ठेवून मी गिअर टाकत होते. पहिला, दुसरा, तिसरा. दादा मोठ्यानं हसत होता. ते हसणं मी विसरले होते, आणि ते ऐकून मला रडू येत होतं. त्या दिवशी टिक एकदाही झाली नाही.

आवाराची भिंत वाटली होती त्यापेक्षा लवकर समोर आली.

"दुसरा!" दादा ओरडला.

मी घाबरले. दोन्ही हात समोर डॅशबोर्डवर टेकले आणि डोळे मिटले.

गिअर पडला. इंजिन किंचाळलं, बेल्ट छातीत रुतला आणि गाडी थांबली.

डोळे उघडले तेव्हा भिंतीच्या विटा मोजता आल्या असत्या. माझे हात अजून डॅशबोर्डवरच होते. दादाचा हात नॉबवर.

त्याने इंजिन बंद केलं. तो भिंतीकडे बघत नव्हता. डावा हात उचलून त्याने मांडीवर घेतला होता आणि बोटाच्या मागे उमटलेल्या लहानशा लाल खुणेकडे बघत होता.

"केवढा दाबलास गं," तो म्हणाला. "तुझी अंगठी टोचली मला. टोचली. कळलं मला."

मी दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले.

"चुकलं," मी म्हणाले. "उद्यापासून काढून ठेवीन."

"नको," दादा रडत म्हणाला. "राहू दे."

मोकळ्या नॉबवर हलकेच टिक झाली.