सगळे पंखे एकदम बोलले तेव्हा

वादळ थांबले होते. गेलेली वीज परत आली होती. पंखे धडधाकट होते, मुख्य संगणकही चालू होता. तरी मंगळावरच्या हरितवस्तीतल्या साठ काचघरांपैकी एकाही काचघराचा पंखा फिरेना.

अकरा वर्षांची शाल्मली नियंत्रण कक्षात आजोबांशेजारी उभी होती. समोरच्या पडद्यावर साठ लाल ठिपके होते. एका ठिपक्याखाली तिने स्वतः लावलेली वांगी होती.

"आबा, दिवे बंद केले तर?"

"थंडीनं मरतील रोपं. चालू ठेवले तर उकाड्यानं. दुपारपर्यंत तग धरतील, फार तर."

आबा म्हणजे वामन बोंद्रे, वस्तीतले जुने संगणकतज्ज्ञ. बोलायचे कमी. आजी गेल्यापासून त्याहून कमी.

दार उघडून कारखानीस मॅडम आत आल्या. पृथ्वीवरच्या मुख्यालयाने त्यांना वस्तीच्या प्रमुख म्हणून पाठवले होते.

"सगळ्या पंख्यांत कोडचा एकच तुकडा सापडलाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या शनिवारच्या पंगतीतला. कुणाचा आहे तो?"

"माझा," शाल्मली म्हणाली.

शनिवारची पंगत आजीने सुरू केली होती. रात्रीचे जेवण झाले की ज्याला कोडचा (संगणकाने काय करायचे, त्याच्या क्रमाने लिहिलेल्या सूचनांचा) एखादा कामाचा तुकडा सुचला असेल, तो सगळ्यांपुढे वाचायचा. ज्याला हवा त्याने घ्यायचा. घेण्याआधी मात्र प्रत्येक ओळ काय करते ते आपल्या शब्दांत सांगायचे. न समजता उचललेला तुकडा आजी सरळ परत मागायची.

शाल्मलीचा तुकडा इवलासा होता:

उत्तर आले नाही, तर
दहा सेकंद थांब
पुन्हा विचार

किती जोरात फिरायचे, हे पंखा रेडिओवरून मुख्य संगणकाला विचारतो. उत्तर मिळाले नाही तर पूर्वी तो रुसून बसायचा. या तुकड्याने ती अडचण गेली. सगळ्यांना तो आवडला आणि सगळ्यांनी घेतला.

"सगळे तुकडे पुसून टाका," मॅडम म्हणाल्या. "पंखे एकेक करून हातानं सुरू करू. आणि मुख्यालयाचा आदेश आहे, आजपासून पंगत बंद."

"टेकडीपलीकडच्या काचघरांपर्यंत माणसं पोचेस्तोवर तिथली भाजी शिजलेली असेल," आबा म्हणाले. "आणि पंगत बंद होणार नाही."

"सर, काकूंची आठवण म्हणून तुम्हाला वाटणारच."

"आठवणीचा विषय नाही. चूक सगळ्यांसमोर होती म्हणून तुम्हाला सकाळी सापडली. सांगणं बंद केलं तर उद्या प्रत्येकजण आपापल्या काचघरात एकटाच चुकेल. चल गं शालू."

ते तिला भोजनगृहात घेऊन गेले. तिथे मुले नाश्ता करत होती. आबा वाढपी होऊन पातेल्यामागे उभे राहिले.

"मी टाळी वाजवली की सगळ्यांनी एकदम सांगायचं, कुणाला काय हवंय."

टाळी वाजली. एकच कल्ला झाला. आबांनी मान हलवली. "काही कळलं नाही. पाच आकडे मोजा आणि पुन्हा मागा."

मुलांनी पाच मोजले. पुन्हा तसाच कल्ला. तिसऱ्यांदाही तेच. एक मुलगा वैतागून म्हणाला, "आबा, असं तर आम्ही म्हातारे होऊ, तरी उपाशीच."

शाल्मलीच्या एकदम लक्षात आले. "एरवी एखाद्याच पंख्याला उत्तर मिळायचं नाही. आज वीज आल्यावर सगळ्यांनी एकाच क्षणी विचारलं. रेडिओवर आवाजात आवाज मिसळला. मग सगळे सारखेच दहा सेकंद थांबले आणि पुन्हा एकदम बोलले."

"मग काय बदलशील?"

ती सापशिडीचे फासे घेऊन आली. प्रत्येकाने फासा टाकायचा आणि पडेल तेवढे आकडे मोजून मागायचे. आता कुणी दोनाला बोलले, कुणी पाचाला. आबांनी भराभर वाढले. दोन मुलींना मात्र एकच आकडा पडला, चार, आणि त्यांचा गोंधळ झाला.

"त्यांनी दोन फासे घ्यायचे," शाल्मली म्हणाली. "टक्कर झाली की निवडायला आकडे वाढवायचे. जागा जास्त, टक्कर कमी."

"याला यादृच्छिक थांबा म्हणतात," आबा म्हणाले. यादृच्छिक म्हणजे आधी न ठरवलेला, फाशासारखा पडेल तो आकडा. "लिही आता."

तिने लिहिले (कमाल म्हणजे थांबायचे जास्तीत जास्त सेकंद):

कमाल दहा धर
उत्तर येईपर्यंत:
एक ते कमाल यांतला कोणताही आकडा निवड
तेवढे सेकंद थांब
पुन्हा विचार
उत्तर आले नाही, तर कमाल दुप्पट कर

ती धावत नियंत्रण कक्षात आली. रेडिओवर दर दहा सेकंदांनी गोंगाट व्हायचा आणि मधे शांतता असायची. त्या शांततेत नवा तुकडा सगळ्या पंख्यांना एकदम ऐकू जाणार होता.

"मी परवानगी दिलेली नाही," मॅडम म्हणाल्या.

"माहीत आहे," शाल्मली म्हणाली. गोंगाट संपला तशी तिने कळ दाबली.

थोडा वेळ काहीच झाले नाही. मग कोपऱ्यातला एक ठिपका हिरवा झाला. मग दुसरीकडे दोन. मग लाह्या फुटाव्यात तसे कुठूनही हिरवे ठिपके फुटू लागले, आणि शेवटी वांग्यांचा ठिपकाही हिरवा झाला.

मॅडमनी साठही ठिपके मोजले. "काम चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "पण आदेश मुख्यालयाचा आहे. पंगत बंदच."

शनिवारी भोजनगृहाच्या दारावर बंदीचा कागद होता. लोक तो वाचून आत आले आणि बसले. शाल्मलीने आधी चुकलेला तुकडा वाचला, मग दुरुस्त केलेला. चुकलेला वाचतानाही तिने एकही ओळ गाळली नाही. आबांनी दोन्ही तुकडे दक्षिणेकडच्या वस्तीलाही पाठवून दिले.

दोन दिवसांनी तिकडून चौथीतल्या यामिनीचा निरोप आला. "ताई, आमच्या एका पंपाच्या रेडिओची तार रात्रभर तुटलेली होती. कमाल दुप्पट होत होत इतकी वाढली, की तार जोडल्यावरही तो दुपारपर्यंत गप्प. म्हणून मी एक ओळ घातली: कमाल एका मिनिटापुढे जाऊ देऊ नकोस."

"हे मला सुचलंच नाही," शाल्मली म्हणाली.

"तिला सुचलं ना. झालं की," आबा म्हणाले. त्यांनी ती ओळ मोठ्या अक्षरांत लिहिली आणि बंदीच्या कागदावरच चिकटवली.

कारखानीस मॅडम ती काढायला आल्या. हात वर नेला आणि तसाच ठेवून त्यांनी दोनदा वाचले.

"एकच मिनिट का? जास्त का नाही?"

"शनिवारी या," शाल्मली म्हणाली. "तेव्हा सांगते."