केळीतून जाणारा ट्रक

माझा ट्रक त्याच्या टेम्पोखाली गेला आणि आमची ओळख झाली.

मनवेलपाड्यात आमच्या बिल्डिंगच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी तिथे माझा रिमोटवरचा ट्रक चालवत होते. दुकानातलं खेळणं नव्हे ते. हातभर लांब, सांगाडा मी स्वतः कापलेला, जाडजूड टायर ऑनलाइन मागवलेले आणि मोटर एका बिघडलेल्या कॉर्डलेस ड्रिलमधून काढलेली. मध्येच सिग्नल तुटला, ट्रक सरळ गेटबाहेर पळाला… आणि भाजीचा एक टेम्पो नेमका तेव्हाच रिव्हर्स घेत होता.

काडकन आवाज झाला.

टेम्पोवाला खाली उतरला. पावसाची सर नुकतीच येऊन गेली होती, त्याच्या शर्टाची एक बाही खांद्यापर्यंत भिजलेली. त्याने वाकून ट्रक ओढून काढला. मोटर दोन वायरींना लोंबकळत होती.

"लहान मुलाचा आहे का?" त्याने विचारलं.

"माझा आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग ट्रककडे, मग पुन्हा माझ्याकडे — या वेळी जरा जास्तच वेळ.

"सॉरी मॅडम. मी दुरुस्त करून देतो."

"तुम्ही? याचा मोटर माउंट बाजारात मिळत नाही. मी घरी बनवला होता."

"मोटर माउंट म्हणजे?"

"मोटर ज्याच्यावर घट्ट बसते ती पट्टी. ती हलली की गिअर निसटतात, आणि मग गाडी जागच्या जागी नुसती ओरडत बसते."

"आमच्या बाबांसारखी," तो म्हणाला. पण हसला नाही. हातातल्या ट्रककडे बघत राहिला. "हा… चिखलात चालतो का?"

मी भांडायच्या तयारीत होते, पण त्याचा आवाज ऐकून थांबले. मग त्याने सगळं सांगितलं. त्याचं नाव दीपेश. गिरीजला त्यांची केळीची वाडी. वडील रामनाथ वाडीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं, आत रॉड घातला. पुढच्या एक्स-रेपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही, नाहीतर रॉड सरकेल आणि पुन्हा ऑपरेशन, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि हा माणूस कोणाचं लक्ष नसलं की उठत होता. परवाच आईने त्यांना दाराची चौकट धरून थरथरत उभं असलेलं पाहिलं होतं.

"मग त्यांना फोनवर दाखवा ना वाडी. व्हिडिओ कॉल करून."

"दाखवली. म्हणतात, तू दाखवशील तेवढंच मी बघायचं का? त्यांना स्वतः फिरायचंय." त्याची नजर माझ्या हातातल्या रिमोटवर थांबली. "हे त्यांच्या हातात दिलं, आणि फोन ट्रकवर बांधला… तर?"

नाही म्हणायला माझ्याकडे कारण होतं. लांब दक्षिणेत, होसूरच्या एका कंपनीत मला डिझाइनची नोकरी लागली होती आणि महिनाअखेरीस निघायचं होतं. पण त्या भिजलेल्या बाहीकडे बघत मी म्हणाले, "आधी माउंट बनवावा लागेल."

वसई पूर्वेला माझं ऑफिस. सुटल्यावर रिक्षाने मी गिरीजला जाऊ लागले. दीपेशच्या घराच्या ओटीवर आमचं वर्कशॉप मांडलं गेलं. चहाचे कप, पक्कड, ड्रिल, स्क्रूचा डबा. आणि खिडकीच्या आत पलंगावर रामनाथकाका. ते काही बोलायचे नाहीत, फक्त बघायचे.

पहिला माउंट मी ऑफिसच्या थ्रीडी प्रिंटरवर प्लॅस्टिकचा बनवून आणला. अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि मोटरच्या उष्णतेने तो मऊ पडला.

दुसरा दीपेशने बनवला, जुन्या सरकत्या खिडकीच्या ॲल्युमिनियमचा. तो मला दाखवताना त्याने मान जरा वर केली होती.

"भोकं तिरपी आहेत," मी म्हणाले.

"मुद्दाम ठेवलीत."

"का?"

"तुम्हाला परत यावं लागेल म्हणून."

मी स्क्रूच्या डब्यात डोकं घातलं. कान गरम झाले होते… ते त्याला दिसू नये म्हणून.

तो माउंटही टिकला नाही. पाण्याच्या पाटाचा बांध चढताना वाकला, मोटर किंचाळली आणि ट्रक मागे घसरून पाटात पडला. खिडकीतून काका पहिल्यांदा बोलले.

"रविवारी नव्या राजेळी केळीत साचलेलं पानी काढायचं आहे. तोवर तुमचा खेळ चालला तर ठीक. नाहीतर मी माझ्या पायानं जानार. कोन अडवतो बघतो."

हंसाकाकू चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, खरीखुरी. कारण काका बोलतात तसं करतात, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

शनिवारी संध्याकाळी आम्ही तिसरा माउंट करायला बसलो. या वेळी लोखंडी अँगल घेतला. पण खरी अडचण मला कळली होती. मोटर फक्त पुढून धरलेली होती, मागून ती मोकळी हलत होती.

"मागून कशाने धरायचं?" मी स्वतःशीच म्हणाले.

दीपेश उठला, पंपाच्या खोलीत गेला आणि पाण्याच्या पाइपला आवळतात ती पत्र्याची गोल क्लिप घेऊन आला. मोटरवर चढवून बघितली. बरोबर बसली.

"आता गिअर जुळवायचे," मी म्हणाले. "फार चिकटले तर घासतात. फार लांब राहिले तर निसटतात. मध्ये कागद ठेवायचा, दाबून धरायचं, स्क्रू आवळायचा आणि कागद ओढून घ्यायचा."

त्याने कॅलेंडरचं जुनं पान फाडून दिलं. मी ते दोन दात्यांमध्ये सरकवलं. त्याने मोटर दाबून धरली. आमची डोकी इतकी जवळ होती, की त्याच्या केसांतला ओल्या मातीचा वास मला येत होता.

"तुम्ही श्वास रोखून का बसलात?" मी हळूच विचारलं.

"मोटर हलेल म्हणून."

"श्वासाने मोटर हलत नाही."

"मग… दुसरं काहीतरी हलत असेल."

मी वर पाहिलं. त्याने नजर हलवली नाही. त्या क्षणी मला सांगावंच लागलं, नाहीतर पुढे सांगता आलं नसतं.

"दीपेश, सोमवारी मी होसूरला चाललेय. नोकरीसाठी."

त्याचा हात सुटला. कागद खाली पडला. त्याने तो उचलून पुन्हा दात्यांमध्ये सरकवला, मोटर धरली आणि म्हणाला, "बरं. आवळा स्क्रू."

त्यानंतर तो कामाचंच बोलला. निघताना मला रिक्षात बसवलं, पण रोजच्यासारखं "पोचलात की मेसेज करा" असं म्हणाला नाही.

रविवारी सकाळी आभाळ भरलेलं होतं. काकांना उशा लावून बसवलं. समोर स्टँडवर हंसाकाकूंचा फोन, हातात रिमोट. ट्रकवर दीपेशचा फोन रबराने घट्ट बांधलेला. काकू पदर खोचून दारात उभ्या राहिल्या, जणू दार त्याच होत्या.

काकांनी अंगठा दाबला. ट्रक उडी मारून सरळ नारळाच्या बुंध्यावर आपटला.

"हळू, काका. अंडं धरल्यासारखं."

दुसऱ्यांदा तो नीट निघाला. अंगण ओलांडलं, पाटाचा बांध आला. आम्ही ओटीवर श्वास धरून उभे. ट्रक बांध चढला, टोकावर क्षणभर डुलला… आणि पलीकडे उतरला. मी नकळत दीपेशची बाही पकडली होती. लक्षात आल्यावर सोडली.

"त्या घडाला टेकू लावला नाही कोनी," आतून काका म्हणाले. "आनि बुंध्याशी फुटलेले हे मुनवे काढायचे राहिलेत. काय करता रे तुम्ही वाडीत?" पण आवाज वेगळा होता. बऱ्याच दिवसांनी घराबाहेर पडलेल्या माणसाचा.

ट्रक शेवटच्या ओळीत, राजेळीत शिरला. आणि लांबून ती किंचाळी ऐकू आली. मोटर फिरत होती, चाकं नव्हती. मग तीही थांबली.

काकूंच्या फोनवर नुसता काळोख.

काकांनी रिमोट बाजूला ठेवला. "बंद पडला ना? हंसा, काठी दे."

"नाही देनार."

"मग बिनकाठीचा जातो." त्यांनी पांघरूण सारलं. एक पाय पलंगाच्या कडेवरून खाली आला.

"दीपेश, पळा दोघं," काकू ओरडल्या. "मी बघते यांना, तुम्ही ते चालू करा."

आम्ही पळालो. ओली पानं तोंडावर आपटत होती, चपला चिखलात रुतत होत्या. ट्रक पाटात उलटा पडलेला. दीपेशने सरळ केला. फोनवर चिखलाचा थर, पडदा काळा. कॉल गेला असणार, असंच वाटलं.

क्लिपचा स्क्रू हादऱ्याने सैल झाला होता. मी गुडघ्यांवर बसून खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला. "मोटर दाबून धरा. कापडाने धरा, तापलीय ती."

त्याने कापड शोधलं नाही. उघड्या हाताने धरली.

"भाजतंय?"

"नाही."

"खोटं."

"थोडं. तू आवळ."

तू. पहिल्यांदाच. माझा स्क्रूड्रायव्हर खाचेतून सटकला.

"काल काहीच का बोलला नाहीस?" मी मान वर न करता विचारलं.

"काय बोलणार? वाडीवाल्याला आजकाल मुलगी कोण देतं, हे मला माहीत आहे. दोन स्थळांनी तोंडावर सांगितलंय."

"मला कोणी द्यायची नाहीये. मला विचारायचं असतं."

"विचारलं असतं, तर तुला वाटलं असतं मी थांब म्हणतोय."

"म्हणतोयस?"

"नाही." त्याने दात आवळले, मोटरमुळे की बोलण्यामुळे, कळेना. "थांबू नकोस. एवढ्या मेहनतीने मिळवलीस नोकरी. जा. पण…"

"पण काय, दीपेश? हात भाजतोय तुझा."

"पण लवकर ये. मला तू आवडतेस, ज्ञानदा. अगदी त्या दिवसापासून. तू रिमोट हातात धरून माझ्याकडे अशी बघत होतीस, की वाटलं, आता मार खातो."

मी शेवटचा आटा आवळला. "मारणारच होते," मी म्हणाले. "आणि… मलाही. मलाही तू आवडतोस."

केळीच्या पानावरून पाणी टपटपत होतं.

"लवकर म्हनजे कवा, ते विचार तिला."

आवाज चिखलातून आला. पाठोपाठ हंसाकाकूंचा: "तुम्ही गप्प बसा ना. बोलू द्या त्यांना."

दीपेशचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मी ओढणीने फोन पुसला. कॉल चालूच होता. पडद्यावर पलंग दिसला, पलंगावर काका, आणि त्यांना खेटून बसलेल्या काकू.

मला एकच सुचलं. "काका, पाय?"

"पाय वर घेतले कवाच. हे सोडून कोन जाईल वाडीत?" त्यांनी पांघरूण कमरेपर्यंत ओढून दाखवलं. मग रोखून पाहिलं. "उत्तर दे, पोरी."

मी दीपेशकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता, पण ऐकत होता… सगळ्या अंगाने.

"दिवाळीला येते, काका. आईबाबांना घेऊन, इथेच."

काकांनी बोटांवर महिने मोजले. "दिवाळीला राजेळी कच्चीच असेल," ते म्हणाले. "चालेल. ये." आणि रिमोट उचलला. "आता बाजूला व्हा दोघं. मला केळी दिसत नाहीत."

चाकं फिरली, आमच्या दोघांच्या कपड्यांवर चिखल उडाला आणि ट्रक राजेळीच्या बुंध्यांमधून पुढे निघाला. मोटरचा आवाज एकसारखा येत होता, कुठेही न अडखळता. मी दीपेशचा भाजलेला तळवा पाटाच्या गार पाण्यात धरला. त्याने बोटं मिटून माझी बोटं आत घेतली. मी मान वळवून पाहिलं. ट्रक वळणाआड गेला होता, आणि फोनचं तोंड दुसरीकडे होतं.