कडीला बांधलेली होडी

बसा. दिवा इकडे ओढून घ्या, आणि तेवढं दोराला पाय लावू नका. नवे रखवालदार ना तुम्ही? मग हे तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

मी इथली शिडं शिवणारी. बंदरावरच्या या संग्रहालयात होकायंत्रं आहेत, नकाशे आहेत, पण लोक येतात ते या होडीसाठी. एक माणूस हिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला होता. होडी परत आली, आपसूक धक्क्याला लागली. माणूस आला नाही. तेव्हापासून ती इथे लाकडी घोडीवर कोरडी उभी आहे. तरी पहिल्या मुकादमांनी शिस्त घालून दिली होती, की ती भिंतीतल्या या कडीला बांधलेलीच हवी, तिच्याच जुन्या दोराने. आम्ही हसायचो. फरशीवरून कुठे पळून जाणार ही बया?

माझा धाकटा भाऊ त्याच वाटेने एकटा जायला निघाला, तेव्हा आमच्या संचालक बाईंच्या डोक्यात आलं. म्हणाल्या, "तो जुना दोर त्याला देऊ. निदान दोराची तरी प्रदक्षिणा पुरी होऊ दे." मला मेलीला कौतुकच वाटलं. कडीची गाठ मीच सोडली, माझ्याच हाताने त्याच्या होडीला तो दोर बांधला. धाकटा म्हणाला, "ताई, रडतेस काय आईसारखी? येतो परत." आई गेल्यापासून मीच वाढवलाय हो त्याला.

त्याला निरोप देऊन दुपारी इथे आले. सुट्टी होती, दालनात चिटपाखरू नव्हतं. आत पाऊल टाकलं आणि ओल्या चिखलाचा वास आला, ओहोटीला धक्क्याखाली येतो तसा. होडी कुरकुरत होती. आणि तिचं नाक... सकाळी ते भिंतीकडे होतं, आता समुद्राकडच्या दाराकडे वळलेलं. घोडी मात्र जागच्या जागी.

घाबरले की मला राग येतो. "गप उभी राहा," असं म्हणत कोपऱ्यातला नवा दोर उचलला, तिच्या नाकाला बांधला, दुसरं टोक कडीत ओवून करकचून गाठ मारली. कुरकुर थांबली.

तोच फोन वाजला. धाकटा. बंदराच्या तोंडाबाहेरच होता अजून.

"ताई, गंमत बघ. शिडात वारा भरलाय, नांगर वर आहे, आणि होडी हलत नाही. कुणी मागून धरल्यासारखी."

मी दोराकडे पाहिलं. तो ताणला होता. त्यातून पाणी ठिबकत होतं.

"तू परत ये," मी म्हटलं. "माझं ऐक, राजा..."

"कसा येऊ? मागेही जात नाही." मग अगदी हळू, "ताई... होडीत अजून कुणीतरी आहे."

मी कडीची गाठ सोडली आणि फोन खांद्याशी दाबून, पाय भिंतीला लावून दोर ओढायला लागले. ही होडी तसूभर सरकली नाही, पण तिच्या नाकाकडून दोर येत राहिला. मी बांधला त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त, गार, शेवाळ लागलेला.

"हलली," धाकटा म्हणाला. "धक्का दिसतोय. ओढ, ताई."

मी ओढतेय हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

दाराच्या काचेतून त्याची होडी दिसली. सरळ आली, हळूच धक्क्याला लागली. आत कुणी नव्हतं. माझे हात जागीच थांबले.

"ताई..." फोनमधून आवाज आला. "का थांबलीस? ओढ ना."

मग फोन बंद पडला. बाहेर लोक त्याला शोधताहेत, शोधू देत. दोर अजून जड आहे, मी सोडणार नाही. फक्त हात भरून आलेत. जरा धरता का? घोटभर पाणी पिऊन येते.

आणि हो... धाकट्याचा हिसका हलका असतो. जोरात ओढतो तो दुसरा.